परमुलखातील पाळणा

नोकरीच्या निमित्ताने घर सोडावे लागणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. पण कडेवर तान्हे मूल असताना अनोळखी भाषेच्या गावी बिऱ्हाड मांडणे, ही आईची कसोटीच असते. तमिळनाडूतील तंजावरला बदली झाली की घरच्या वडीलधाऱ्यांना दोन चिंता पडतात: बाळाला तेथील हवा मानवेल काय, आणि आईला बोलावयास कोण मिळेल?

खरे पाहता तंजावर मराठी माणसाला सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी स्थापिलेले भोसल्यांचे राज्य तेथे १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या देवळावर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचावयास मिळतो. त्या काळी तेथे गेलेल्या कुटुंबांचे कित्येक वंशज अजूनही घरात आपली दक्षिणी मराठी बोलतात आणि बाहेर अस्खलित तमिळ. परमुलखात रुजण्याचे मर्म ह्यातच आहे. आईवडिलांनी बाळाशी मराठीतच बोलावे आणि शेजाऱ्यांना त्याच्याशी खुशाल तमिळ बोलू द्यावे. दोन भाषा कानी पडल्याने मूल उशिरा बोलते, ही भीती निराधार होय.

शेजारणीला ‘अक्का’ म्हणून हाक मारावी. थोरल्या बहिणीसाठी हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. दारी कोणी ‘पाल्’ म्हणाले, तर मात्र दचकून भिंतीकडे पाहू नये. तमिळमध्ये पाल् म्हणजे दूध!

आता हवेविषयी. आपल्याकडे जूनमध्ये पावसाळा लागतो. तंजावरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत पडतो. जूनमध्ये तेथे उकाडा असतो, म्हणून बाळाला सुती, सैल कपडे घालावेत. सहा महिने पुरे होईपर्यंत कितीही उकडले तरी वरचे पाणी देऊ नये. अंगावरच्या दुधातून त्याला पुरेसे पाणी मिळते. आईने मात्र स्वतः भरपूर पाणी प्यावे. पावसाळ्यात पाळण्यावर मच्छरदाणी असावी आणि घराभोवती पाणी साचू देऊ नये.

सहा महिन्यांनंतर नाचणीची लापशी सुरू करता येते. तेथे ती ‘रागी’ म्हणून मिळते. तांदूळ व मुगाच्या डाळीचा पोंगल म्हणजे आपल्या मऊ खिचडीचाच भाऊ. बाळासाठी तो मीठमिऱ्यावाचून शिजवावा.

सामान बांधताना लसीकरणाचे कार्ड हाताशी ठेवावे. सहा, दहा व चौदा आठवडे, नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने, ह्या वेळा गाव बदलले तरी चुकवू नयेत. सरकारी आरोग्य केंद्रात ह्या लसी विनामूल्य मिळतात. कार्ड दाखविले की पुढील तारीख कळते.

एक गोष्ट पतिराजांसाठी. आपण दिवसभर कचेरीत चार माणसांत असता. ती मात्र चार भिंतींत एकटी असते. संध्याकाळी तासभर बाळाला आपण घ्यावे आणि तिला बाहेर जाऊ द्यावे. तिचे रडू, उदासी किंवा झोप न येणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ‘होईल सवय’ म्हणून टाळू नये, डॉक्टरांना दाखवावे. आईचे मन रमले, तर बाळालाही ते गाव आपले वाटू लागेल.