‘शेरनी’ आणि फिर्यादीचे मौन

अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ (२०२१) हा चित्रपट आला, तेव्हा पांढरकवड्याच्या टी-१ उर्फ अवनी वाघिणीवरील अन्यायाचे परिमार्जन कलेच्या पातळीवर झाले, असा एक समाधानाचा सूर उमटला. हे समाधान तपासून घेणे अगत्याचे आहे. न्यायाची गोष्ट सांगणाऱ्या कोणत्याही संहितेला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘फिर्यादी कोण?’ हाच असतो.

राळेगाव-पांढरकवडा परिसरात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका या वाघिणीवर ठेवण्यात आला. तिला मारण्याच्या आदेशाविरुद्ध वन्यजीवप्रेमी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली. मागे दोन बछडे उरले. रात्रीची वेळ, बेशुद्ध करण्याच्या प्रयत्नाविषयीचा संशय, खाजगी शिकाऱ्याचा सहभाग यांवरून उठलेले प्रश्न खरे होते. परिसरातील गावकऱ्यांनी त्या मृत्यूनंतर फटाके फोडले, हेही तितकेच खरे होते. एकाच मृत्यूचे हे दोन अर्थ परस्परांसमोर उभे करणे, हे या विषयाने कलावंतापुढे ठेवलेले खरे आव्हान होय.

‘शेरनी’ते टाळतो. त्याचे कथनकेंद्र विद्या व्हिन्सेंट ही प्रामाणिक वनाधिकारी आहे. चराईची कोंडी, पुढाऱ्यांची चढाओढ, शिकाऱ्याचा अहंकार, खाणीने तोडलेली वाघाची वाट हे सारे चित्रपट नेमकेपणाने टिपतो. बछड्यांना गावकरीच जगवतात, हेही तो दाखवतो. एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु मेलेली माणसे तेथे कथानक पुढे ढकलण्यापुरती येतात. चित्रीकरण मध्यप्रदेशात झाले. त्याबरोबर कपाशीचे कोरडवाहू अर्थकारण, रोही-रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी करावी लागणारी रात्रीची जागल, वऱ्हाडी, गोंडी आणि कोलामी बोलणारा माणूस हे सर्व गळून पडले. माणूस वाघाच्या वाटेवर का जातो, याचे उत्तर याच तपशिलात होते.

चित्रपट काल्पनिक आहे, त्याला यवतमाळचा हिशेब का मागावा, असा आक्षेप संभवतो. तो मान्य केला, तर अवनीला न्याय दिल्याचे श्रेयही सोडावे लागेल. वास्तवाचे वजन हवे आणि वास्तवाचे उत्तरदायित्व नको, असे दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहता येत नाही.

गोविंद निहलानी-विजय तेंडुलकर यांच्या ‘आक्रोश’शी (१९८०) तुलना येथे उद्बोधक ठरते. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाही. त्याचा वकील त्याला बोलते करू शकत नाही, आणि ही असमर्थताच चित्रपटाचा विषय बनते. त्या मौनाच्या जागी चित्रपट स्वतःचे शब्द ठेवत नाही. ‘शेरनी’त मात्र अधिकाऱ्याची हतबलता हीच शोकांतिका ठरते. अखेरच्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या प्राण्यांमध्ये उभी असलेली ती आपली सहानुभूती घेऊन जाते. गावकऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही.

वाघिणीच्या मृत्यूनंतर जेमतेम दोन महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्यावर उद्घाटनाचा मान आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीला देण्यात आला. ती निवड आयोजकांची अडचण भागवणारी होती, असे म्हणता येईल. तरीही व्यासपीठावर ती स्वतः बोलली. श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकात तर अशा स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. याच मातीने ही शक्यता दाखवून दिली असताना, फिर्यादीला वगळून रचलेल्या कलाकृतीला न्यायाचे नाव देण्याची घाई समीक्षेने करू नये.