रद्दीतला ‘वेताळ’ आणि दुर्मीळतेचा बाजार
जुन्या कॉमिक्सचा शोध हा केवळ हौसेचा विषय उरलेला नाही. मराठी बालवाङ्मयाच्या जतनाचा प्रश्न त्यात दडला आहे

पुणे, प्रतिनिधी

महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, बोहरी आळी आणि तेथून अप्पा बळवंत चौकापर्यंतचा परिसर म्हणजे पुणेकरांच्या खरेदीचे जुने केंद्र. येथे भाजी मिळते, भांडी मिळतात, भातुकलीचा संच मिळतो, शालेय पुस्तके मिळतात. मात्र याच भागात अशाही वस्तूचा शोध घेणारा एक वर्ग वावरत असतो, जी कोणत्याही दुकानाच्या पाटीवर लिहिलेली नसते. ही वस्तू म्हणजे जुनी कॉमिक्स. ‘इंद्रजाल’मधला वेताळ, ‘अमर चित्र कथा’च्या आरंभीच्या आवृत्त्या, ‘चांदोबा’चे सुटे अंक यांच्यासाठी रद्दीची दुकाने, पदपथावरील जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार धुंडाळणारे हे संग्राहक वरवर पाहता छांदिष्ट वाटतील. प्रत्यक्षात ते जे काम करीत आहेत, ते करण्याची जबाबदारी दुसऱ्याच कोणाची तरी होती, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

पेठ ते रद्दी, रद्दी ते पुडी

जुन्या कॉमिक्सच्या दुर्मीळतेचे कारण मुळात अगदी घरगुती आहे. ही पुस्तके जपून ठेवण्यासाठी छापलीच गेली नव्हती. स्वस्त कागद, दोन पिना, मऊ मुखपृष्ठ असा त्यांचा थाट. एका अंकावर चार भावंडे तुटून पडत, मग तो शेजारी जाई, सुटी संपली की माळ्यावर आणि काही वर्षांनी रद्दीच्या तराजूत. पेठांमधील वाचनालयांनी हीच कॉमिक्स दिवसाच्या भाड्याने दिली. त्यासाठी चार-सहा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधले, कडा कापल्या, पानापानांवर शिक्के मारले. वाचकांची सोय झाली. पण त्या प्रती मूळ रूपात उरल्या नाहीत.

रद्दीवाल्याच्या लेखी कागदाचे मोल वजनावर ठरते. गठ्ठ्यातील पुस्तक विकण्याजोगे आहे, असे वाटले तर ते जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे जाते. अन्यथा लगद्याच्या कारखान्यात किंवा पुडीच्या कागदात. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, अशी सूचना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये पुन्हा बजावली; तोपर्यंत कित्येक दशकांचा बालवाङ्मयाचा ठेवा शेंगदाण्यांच्या पुड्यांतून गावभर वाटला गेला होता. पुण्याच्या बाबतीत आणखी एक घाव आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील घरांची जी वाताहत झाली, तीत कागदाचा निभाव लागणे शक्यच नव्हते. पुढे वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तसे उरलेले माळेही रिकामे झाले. वाडा पाडण्यापूर्वीची आवराआवर हीच संग्राहकांसाठी पर्वणी असते. पण ती एकदाच येते. त्या दिवशी गठ्ठा हाती लागला नाही, तर तो कायमचा गेला.

शोध नेमका कशाचा?

या छंदाच्या केंद्रस्थानी अर्थातच ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये हे प्रकाशन सुरू केले आणि १९९० मध्ये ते थांबले. या काळात आठशेच्या वर अंक निघाले आणि ते इंग्रजी, हिंदीप्रमाणेच मराठीतही आले. ली फॉक यांनी १९३६ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांसाठी निर्माण केलेला ‘फँटम’ मराठी मुलांना ‘वेताळ’ म्हणूनच परिचित झाला. मूळ कथांतील ‘बेंगाला’ या नावाशी बंगालचा गोंधळ होऊ नये म्हणून येथे ‘डेंकाली’ हे नाव घेण्यात आले. आबिद सुरती यांच्या लेखणीतून १९७६ मध्ये ‘बहादूर’ हा भारतीय नायकही याच मालिकेत अवतरला.

‘अमर चित्र कथा’चे प्रकरण निराळे आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेच्या कथा सातत्याने पुनर्मुद्रित होत आल्या. त्यामुळे कथा दुर्मीळ नाही, आवृत्ती दुर्मीळ आहे. त्यातही जाणकारांना ठाऊक असलेली गोम अशी, की मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते आणि इंग्रजी मालिकेचा आरंभ ‘कृष्ण’ या अकराव्या क्रमांकापासून झाला. राम वाईरकर यांनी चित्रित केलेल्या त्या ‘कृष्ण’ची आजची प्रत कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात मिळू शकते, आरंभीच्या मुद्रणाची प्रत मात्र वर्षानुवर्षे शोधावी लागते.

‘चांदोबा’ची गोष्ट अधिक हळवी आहे. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेल्या मासिकाचे हे मराठी रूप १९५२ पासून घराघरांत पोहोचले. २००७ मध्ये ही प्रकाशनसंस्था एका सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतली. पण काही वर्षांतच मासिक बंद पडले. खांद्यावर प्रेत घेतलेल्या विक्रमाचे चित्र अजरामर करणारे चित्रकार शंकर यांचे २०२० मध्ये निधन झाले. मासिकाच्या बंद पडण्याने जुन्या अंकांची मागणी वाढली, पण पुरवठा मात्र त्या एका क्षणी गोठला.

या साऱ्यात पुण्याचे स्वतःचेही योगदान आहे. ‘अमर चित्र कथा’च्या अनेक पुस्तकांची आणि १९८६ मध्ये आलेल्या ‘नागराज’च्या पहिल्या अंकाची चित्रे काढणारे प्रताप मुळीक हे पुण्याचे. दिलीप कदम यांच्यासारखे चित्रकारही याच परंपरेतले. दिल्लीत छापलेल्या हिंदी कॉमिक्सचा नायक पुण्यातील चित्रफलकावर घडला, हे आजच्या किती पुणेकरांना माहीत आहे?

‘मर्यादित आवृत्ती’ आणि खरी टंचाई

गेल्या काही वर्षांत या छंदाला बाजाराचे वळण लागले आहे. दिल्लीत २०११ मध्ये पहिले ‘कॉमिक कॉन’ भरले आणि त्यानंतर ‘संग्राहक आवृत्ती’, ‘मर्यादित आवृत्ती’, क्रमांकित प्रती, सोबत भित्तिचित्र वा बिल्ला असे प्रकार येथेही रूढ झाले. येथे एक मूलभूत फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. एक टंचाई घडवली जाते, दुसरी घडून जाते. प्रकाशकाने जाणीवपूर्वक मोजक्याच प्रती छापल्या, तर त्या घेणारा प्रत्येक जण त्या जपूनच ठेवतो. म्हणजे मोजक्या छापल्या तरी जवळपास सगळ्या टिकतात. उलट हजारोंनी छापलेला आणि कोणीही न जपलेला १९६०च्या दशकातील मराठी अंक आज हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकाच उरलेला असू शकतो.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला आहे. जून १९३८ चा, दहा सेंट किमतीचा, सुपरमॅनचे पहिले दर्शन घडविणारा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेला, नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाला ९१ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. हे आकडे वाचून डोळे दिपतात. मात्र त्याच देशातील १९९०च्या दशकाची कथा सहसा सांगितली जात नाही. जुन्या अंकांना भाव येतो, हे पाहून लोकांनी नवे अंक गुंतवणूक म्हणून घ्यायला आरंभ केला. १९९१ मधील ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या, निरनिराळ्या मुखपृष्ठांसह, ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात बंद करून विकला गेला आणि लोकांनी तो न उघडताच कपाटात ठेवला. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही, हे कळेपर्यंत फुगा फुटला होता. असंख्य दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘मार्व्हल’ला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला.

म्हणूनच केवळ ‘मर्यादित’ हा शब्द पाहून खिसा रिकामा करणाऱ्यांनी थोडे थांबलेले बरे. आवडीसाठी घेतलेल्या पुस्तकात तोटा कधीच नसतो. नफ्यासाठी घेतलेल्या पुस्तकात मात्र तो संभवतो.

किंमत ठरते कशी?

अमेरिकेत २००० पासून त्रयस्थ संस्था अंकाची अवस्था तपासून, गुणांकन करून तो पारदर्शक वेष्टनात बंद करून देतात. आपल्याकडे जुन्या मराठी अंकांचा व्यवहार अजूनही नजरेवर आणि विश्वासावर चालतो. विक्रेत्याला समोरच्याचा उतावीळपणा दिसला की भाव चढतो. जाणकार ग्राहक म्हणूनच हवा तो अंक सर्वात शेवटी उचलतो, अशी या बाजाराची रीत.

तपासण्याच्या बाबी ठरलेल्या आहेत. मुद्रणाची ओळ व छापील किंमत मूळचीच आहे का? मधले जोडपान गळालेले नाही ना? पिना गंजून कागद खाल्ला गेला आहे का? स्पर्धेचे कूपन किंवा पाठीवरचे चित्र कोणा उत्साही मुलाने कापून तर घेतले नाही? रंगीत छायाप्रतींचे तंत्र सुधारल्यापासून मुखपृष्ठ नवे आणि आतील पाने जुनी, असा प्रकारही अशक्य राहिलेला नाही. जुना कागद सर्वत्र सारखा पिवळतो, कडांना अधिक. नकली मुखपृष्ठाची झळाळी त्याच्याशी जुळत नाही. आणखी एक गोष्ट संग्राहकांनी पक्की ध्यानात ठेवावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे किंवा अंक लॅमिनेट करणे म्हणजे त्याला जपणे नव्हे. ती हानी पुन्हा भरून काढता येत नाही.

कायदा आहे, पण...

येथे मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांकडे पाठविणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर बंधनकारक केले. मात्र त्याच मूळ कायद्यात नियमभंगाचा दंड होता पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाच्या किमतीइतका! अशा दंडाला कोण भिणार? शिवाय बालवाचकांची चित्रकथा ही जतन करण्याजोगी वस्तू आहे, हे ग्रंथालयांनाही फार उशिरा उमगले. पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंनाच लागू होतो. साठ वर्षांचा ‘वेताळ’ त्याच्या संरक्षणात बसत नाही आणि शंभरी गाठेपर्यंत तो टिकेल, याची शाश्वती नाही.

दुसरी अडचण स्वामित्वहक्काची. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क अबाधित राहतात. त्यामुळे एखाद्या संग्राहकाने आपले अंक स्कॅन करून इतरांना खुले केले, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी तो हक्कभंग ठरतो. हक्कधारकांच्या लेखी बहुतेक मराठी अंकांना आज व्यापारी मूल्य नाही, म्हणून ते पुन्हा छापले जात नाहीत. आणि हक्क आहेत म्हणून इतर कोणी ते छापूही शकत नाही. या कोंडीत कागद मात्र दिवसेंदिवस ठिसूळ होत आहे.

मार्ग नाही, असे मात्र नव्हे. त्याचे उदाहरण पुण्यातच आहे. ‘बालभारती’ने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संस्थेने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले. सरकारी संस्थेकडे हक्क आणि अंक दोन्ही होते, म्हणून हे साधले हे खरे. पण इच्छाही होती, हे विसरता कामा नये. खासगी प्रकाशकांनी हक्क स्वतःकडे राखूनही एखाद्या ग्रंथालयाला केवळ अभ्यासासाठी प्रतिमा जतन करण्याची अनुमती दिली, तर कोणाचेच नुकसान होणार नाही.

केळकरांचा वारसा

मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे आहे. काकासाहेब केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे अशा रोजच्या वापरातील वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडेही छांदिष्ट म्हणूनच पाहणारे असतील. आज तेथील वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह ही शहराची प्रतिष्ठा आहे. फरक एवढाच, की केळकरांनी तो संग्रह अखेर समाजाच्या स्वाधीन केला. आजच्या कॉमिक्स-संग्राहकांपुढे हाच प्रश्न उभा आहे. त्यांच्यानंतर त्या गठ्ठ्यांचे काय होणार? वारसांना गोडी नसेल, तर ते पुन्हा रद्दीच्याच तराजूत पडणार. फार तर एकेक करून विकले जाऊन मोठ्या कष्टाने जुळविलेली मालिका विखुरणार.

निदान एक गोष्ट बिनखर्चाची आहे. कोणाकडे मराठी ‘इंद्रजाल’चे, ‘चांदोबा’चे कोणते अंक आहेत, याची नाव-पत्ता उघड न करता एक सामाईक सूची होऊ शकते. कोणते अंक टिकले आणि कोणते कायमचे नष्ट झाले, एवढे तरी त्यातून कळेल. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी, शहरातील जुनी ग्रंथालये आणि संग्राहक एकत्र आले, तर हे काम काही वर्षांत होण्यासारखे आहे.

जाता जाता मंडईचाच एक दाखला. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून खुल्या झालेल्या या देखण्या वास्तूवर नगरपालिकेने एवढा खर्च करण्यास महात्मा फुले यांचा विरोध होता. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला त्यांचेच नाव मिळाले. बाजारपेठ उभी करण्यात हे शहर कधी मागे पडले नाही. बाजारात जे विकले जाते, त्यातले जपण्याजोगे काय, याचा निर्णय मात्र बाजारावर सोडून चालणार नाही. तो आज पदपथावरील काही मोजक्या संग्राहकांच्या नजरेवर सोडला गेला आहे, हीच चिंतेची बाब आहे.