डिस्लेक्सिया आणि मराठी: अ‍ॅप फोनमध्ये आहेत, पण शिकायचंय कोणी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नालासोपाऱ्याहून ताईचा फोन आला. "अगं, तू इंजिनियर ना? मग याच्यासाठी वाचनाचं एखादं अ‍ॅप सांग की."

याच्यासाठी म्हणजे माझ्या भाच्यासाठी. वय नऊ, इयत्ता चौथी, मराठी माध्यम. तोंडी हिशेब फटाफट करतो, घरातल्या तिन्ही फोनची सेटिंग्ज त्याला पाठ आहेत, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना तिच्यात स्वतःची भर घालतो. पण धडा समोर आला की अडतो. 'घर'चं 'धर' होतं, 'भात'चा 'मात' होतो. जोडाक्षर आलं की हा खिडकीबाहेर बघायला लागतो. शाळेतून दर वेळी एकच निरोप: हुशार आहे, पण लक्ष देत नाही, घरी सराव घ्या. ताईने दीड वर्षं रोज संध्याकाळी सराव घेतला. बहुतेक वेळा दोघंही रडून उठायचे.

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे माझी धाव प्ले स्टोअरपर्यंत. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या तीन दिवसांत सहा अ‍ॅप पालथी घातली. चार इंग्रजी अक्षरं शिकवणारी, एक हिंदी, एकात धड्यापेक्षा जाहिराती जास्त. 'डिस्लेक्सिया फॉन्ट' म्हणून गाजलेला ओपनडिस्लेक्सिकही पाहिला. तो रोमन अक्षरांसाठी बनवलेला आहे, आणि तिथेसुद्धा त्याने वाचन नक्की सुधारतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी चुकीच्या टोकाने सुरुवात केलीये. पोराला नेमकं काय होतंय, हे आम्हा मोठ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

पडद्यावर जे काम फोन करतो

डिस्लेक्सिया म्हटलं की आपल्या पिढीला 2007 चा 'तारे जमीन पर' आठवतो: उलटी अक्षरं, नाचणारी अक्षरं. प्रत्यक्षात हा डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धी कमी असल्याचं लक्षणही नाही. लिहिलेल्या खुणेवरून आवाजाकडे जाण्याचं जे काम बाकीच्यांच्या मेंदूत आपोआप होतं, ते या मुलांना दर वेळी कष्टाने करावं लागतं. अनेकदा घराण्यात आधीही कोणाला तरी असतं. (आमच्या एका काकांनी नववीत शाळा का सोडली, याची चर्चा आता घरात नव्याने सुरू आहे.)

आता मराठीकडे या. "आपली भाषा जशी बोलतो तशी लिहितो, त्यामुळे सोपी," हे आपण लहानपणापासून ऐकतो. 'कि' लिहा बरं. बोलताना आधी क येतो, मग इ. कागदावर वेलांटी क च्या आधी. 'कार्य'मध्ये र् चा उच्चार य च्या आधी होतो, पण रफार बसतो य च्या डोक्यावर. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक फक्त र च्या रूपाचा, अर्थ मात्र एकदम गुरूवरून स्वयंपाक्यावर. वर 'चार' आणि 'चाक': अक्षर तेच 'चा', उच्चार दोन.

तुम्ही फोनवर 'कि' टाइप करता तेव्हा युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी, म्हणजे बोलण्याच्या क्रमाने. पडद्यावर ती उचलून क च्या अलीकडे मांडण्याचं काम वेगळं सॉफ्टवेअर करतं. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये ते हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. (नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं.) रफार कुठे जाईल, जोडाक्षर कसं तुटेल, याचे नियम त्यात बसवलेले आहेत. माझा भाचा वाचताना हेच काम उलट दिशेने करत असतो: चित्र बघून क्रम परत लावायचा, मग आवाज काढायचा. तेही वर्गात, सगळे बघत असताना. मी ताईला हे समजावलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे 'किती'ला तो दोनदा अडखळतो ते यामुळे?" त्या दिवसापासून तिने "नीट बघ" म्हणणं बंद केलं. मला विचाराल तर पहिला फरक तिथेच पडला. तोवर एकही अ‍ॅप उघडलेलं नव्हतं.

कायदा आहे, चाचणी आहे, अ‍ॅपसुद्धा आहे

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' त्यातलाच एक, आणि डिस्लेक्सिया त्याच्या पोटात येतो. कलम 16 शाळांना सांगतं की अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यानुसार शिकवण्यात बदल करा. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पुढचा तपशील होता: तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक तपासणी करावी. प्रमाणपत्र मात्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती हव्या असतील तर हा कागद लागतो. पण मदत सुरू करायला कोणत्याही कागदाची गरज नसते, आणि पालकांना नेमकं हेच कोणी सांगत नाही.

तपासणीची साधनंही आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच बनवला. 2015 मध्ये तो आला तेव्हा हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर त्यात मराठीही होती. शिक्षकांसाठी पहिली चाळणी आणि मानसशास्त्रज्ञांसाठी सविस्तर चाचणी, असे त्याचे दोन भाग आहेत. मुलाला त्याच्या शिकण्याच्या भाषेत तपासायला हवं, ही त्यामागची साधी गोष्ट. आमच्याकडे तर हे फारच महत्त्वाचं. वसईच्या एकाच वर्गात घरी कादोडी बोलणारं, वाडवळी बोलणारं, आगरी बोलणारं आणि भोजपुरी बोलणारं पोर शेजारी शेजारी बसलेलं असतं. पुस्तकातली मराठी नवी वाटणं वेगळं आणि अक्षराचा आवाज न सापडणं वेगळं. पहिलं शाळेत रुळल्यावर बरंचसं सुटत जातं, दुसरं वेगळ्या पद्धतीने शिकवल्याशिवाय सुटत नाही. हा फरक ओळखायला वर्गात उभ्या असलेल्या माणसाला तो आधी शिकवावा लागतो.

सप्टेंबर 2022 मध्ये एनसीईआरटीने 'प्रशस्त' हे मोबाईल अ‍ॅप आणलं. वर्गशिक्षक मुलाच्या वागण्या-शिकण्याबद्दलची विधानं वाचून उत्तरं भरतात, पुढचा भाग विशेष शिक्षक वगैरे बघतात, आणि शाळेकडून अहवाल वर जातो. हे निदान करत नाही, कोणाला पुढे पाठवायचं एवढंच सांगतं. कल्पना चांगली आहे. ताई शाळेत विचारायला गेली तेव्हा या अ‍ॅपचं नाव तिथे कोणी ऐकलेलं नव्हतं. बाईंना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या फोनमध्ये आधीच हजेरी, पोषण आहार, प्रशिक्षण आणि सर्वेक्षण यांची अ‍ॅप आहेत. आणखी एक आलं तर त्या ते भरतील, पण 'घ'ला 'ध' म्हणणाऱ्या मुलाला उद्या सकाळी कसं शिकवायचं, हे त्या फॉर्ममध्ये नाही.

मग शिकायचं कुठे?

मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 पासून काम करते. मुलांचं मूल्यमापन, उपचारात्मक शिकवणी, आणि शिक्षक-पालकांसाठी प्रशिक्षण. सरकारी बाजूला शिक्षकांसाठी 2019 मध्ये सुरू झालेलं 'निष्ठा' प्रशिक्षण आहे आणि दीक्षा पोर्टल आहे. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड जिथे नेतात तेच हे दीक्षा. सर्वसमावेशक शिक्षणाचे भाग तिथे फुकट सापडतात, आणि पालकाने ते बघायला कोणाची बंदी नाही. भाषा जरा सरकारी आहे, तेवढं सोसायचं.

प्रमाणपत्रासाठी आमच्या ओळखीच्या प्रत्येकाने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं नाव घेतलं, काहींनी केईएम आणि नायरचं. विरारकराच्या भाषेत सांगायचं तर फास्ट पकडून दादर, पूल ओलांडून सेंट्रल, मग शीव. मुलाला घेऊन, आठवड्याच्या मधल्या वारी, आणि एका फेरीत काम होत नाही. ताई एका दुकानात कामाला आहे, गेलं की त्या दिवसाचे पैसे कापले जातात. म्हणून म्हणते, रुग्णालय गाठेपर्यंतचे महिने घरी आणि वर्गात वाया जाऊ नयेत, एवढं तरी मोठ्यांना यायला हवं.

आम्ही ताईच्या फोनवर काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी भाऊ, बहीण, भाचा असेल आणि घरातला 'फोनवाला' तुम्हीच असाल. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली 'सिलेक्ट टू स्पीक' असतं. ते चालू करून टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या. मग पडद्यावरच्या मजकुराला हात लावला की फोन तो वाचून दाखवतो. आयफोनवर यालाच 'स्पीक स्क्रीन' म्हणतात. छापील पान असेल तर गूगल लेन्सने फोटो काढून मजकूर ऐकता येतो. विज्ञान आणि परिसर अभ्यासाचे धडे भाचा आता आधी ऐकतो, मग बघतो. वाचता येत नाही म्हणून बाकीचे विषयही मागे पडतात ना, ते थांबलं. माझ्या मते फोनचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

वाचनाच्या सरावासाठी गूगलचं 'रीड अलाँग' आहे. 2019 मध्ये 'बोलो' नावाने भारतात आलं होतं, आता मराठीतही आहे. मूल मोठ्याने वाचतं आणि दिया नावाचं पात्र ऐकून दुरुस्त करतं. रागावत नाही, ही तिची मोठी गुणवत्ता. पण ते सरावाचं साधन आहे. कुठलं अक्षर का चुकतंय आणि उद्या कुठून सुरुवात करायची, हे शेजारी बसलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

एक अडचण मात्र खास आपली आहे. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणारी पीडीएफ बऱ्याचदा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. दिसायला मराठी, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. माणसाला फरक कळत नाही, फोनला कळतो. वाचून दाखव म्हटलं की तो काहीतरी भलतंच बरळतो. मी बाईंना भेटून फक्त एवढी विनंती केली की प्रश्नसंच युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर वाचून व्हॉइस मेसेज पाठवा. त्यांना कारण पटलं. पाच मिनिटांचं काम होतं, आजवर त्यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं. कॉपीराइटची भीती वाटत असेल तर 2012 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तक ऐकता येईल अशा रूपात आणायला मोकळीक दिलेली आहे. 2016 मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. अंधांसाठीच असेल, असं मीही समजत होते.

हे सगळं चालू असताना मला 2025 चा जून आठवत होता. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे एप्रिलचा आणि जूनचा असे दोन्ही शासन निर्णय 29 जूनला मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. त्या महिन्यात मी ट्रेनमध्ये किती तरी चर्चा ऐकल्या. अस्मिता होती, नोकऱ्या होत्या, राजकारण होतं. एकाच लिपीतलं एकच वाक्य वाचायला ज्याला पाच मिनिटं लागतात त्या सहा वर्षांच्या मुलाचं काय, हा प्रश्न माझ्या कानावर एकदाही आला नाही. समितीचा निर्णय काहीही असो, पहिली-दुसरीच्या शिक्षकाला ते मूल ओळखता आलं नाही तर भाषा दोन ठेवा की तीन, ते मागच्या बाकावरच राहणार.

भाच्याची शीवची पहिली फेरी झाली, दुसरी जानेवारीत होती, ती तिथून पुढे ढकलली गेली. शाळेत बाईंनी मागच्या आठवड्यात ताईला थांबवून विचारलं की ते बोलणारं सेटिंग कुठे असतं, वर्गात आणखी दोघं तसेच आहेत. रविवारी आम्ही राजोडीला जातो. ओल्या वाळूत बोटाने मोठं अक्षर काढायचं आणि काढतानाच मोठ्याने म्हणायचं, ही अशा मुलांना शिकवण्याची जुनी पद्धत आहे, फुकटची आहे. परवा त्याने 'सूर्य' काढला आणि बोट रफाराशी थांबवून विचारलं, "मावशी, हा आधी म्हणायचा ना?"