कपाटांतील यंत्रें

आमच्या मालेगांवच्या घरीं माझ्या आईचें पायानें चालवावयाचें शिवणयंत्र अद्यापि आहे. गेल्या महिन्यांत धाकट्या नातीनें त्याच्या पायडलावर पाय ठेविला. तें जागचें हलेना. चाकाला हातानें किंचित् गति देतांच तें चालूं लागलें. "आजोबा, आधीं कां अडलें होतें?" असें तिनें विचारिलें, आणि मी क्षणभर निरुत्तर झालों. हाच प्रश्न पस्तीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें मला केला होता. तेव्हां मीं फळ्यावर आकृति काढिली, आणि तरीहि त्याचें समाधान होईना म्हणून त्याला दटाविलें.

वस्तुतः शाळेच्या कपाटांत यंत्रांचे कांहीं चालते नमुने होते. मुलें ते मोडतील या भीतीनें कपाटाला कुलूप असे, आणि किल्ली माझ्यापाशीं असे. निवृत्त होतांना मीं तें उघडलें, तों सर्व नमुने गंजून घट्ट बसलेले. एकाहि मुलाचा हात न लागतां ते निकामी झाले होते.

असल्या नमुन्यांचा जगांतील प्रसिद्ध संग्रह म्हणजे फ्रान्झ रूलो (१८२९–१९०५) या जर्मन प्राध्यापकांचा. बर्लिन येथें अध्यापनासाठीं त्यांनीं शेंकडों नमुने जमविले. त्यांच्या प्रतिकृति गुस्टाफ फोइग्ट यांच्या कारखान्यांत तयार होऊन विद्यापीठांना विकल्या जात. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें १८८२ सालीं असा मोठा संच घेतला. दुसऱ्या महायुद्धांत बर्लिनचा मूळ संग्रह बहुतांशीं नष्ट झाला. कॉर्नेलचे दोनशेंहून अधिक नमुने मात्र आजहि आहेत, आणि ते चालतांनाचीं चित्रें संगणकावर घरबसल्या पाहतां येतात. जें दुसऱ्यांस दिलें, तेंच शिल्लक राहिलें.

रूलो यांनीं १८७५ च्या आपल्या ग्रंथांत मांडलेला विचार असा: यंत्र कितीहि जटिल असो, त्याचे अवयव जोडीजोडीनें घ्यावे, आणि प्रत्येक जोडी कोणती गति होऊं देते व कोणती अडविते, तें पाहावें. जात्याची वरची तळी खुंट्याभोंवतीं केवळ फिरते. टेबलाचा खण केवळ पुढेंमागें सरकतो. मळसूत्र फिरतां फिरतां पुढें जातें. अशा जोड्यांची साखळी करून तिचा एक अवयव स्थिर धरिला कीं यंत्र सिद्ध होतें. दुसरा धरिला तर त्याच साखळीचें निराळें यंत्र होतें. शिवणयंत्रांत पायडल, उभा दांडा, चाक आणि स्थिर सांगाडा असे चार अवयव आहेत. दांड्याची रेषा नेमकी चाकाच्या आंसांतून गेली म्हणजे पायाचा सर्व जोर आंसावरच पडतो, आणि चाक फिरत नाहीं. चालत्या यंत्राला जड चाकाचा वेग त्या स्थानापलीकडे नेतो. थांबलेल्याला हात लावावा लागतो.

यंत्र या शब्दाचें नातें 'यम्' म्हणजे आवरणें या धातूशीं आहे. भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधारां'तहि, स्वैर वाटेनें जाणाऱ्या महाभूतांना आवरून इष्ट मार्गानें नेतें तें यंत्र, अशीच व्युत्पत्ति दिली आहे. आवरावयाचें तें मार्गास लावण्यासाठीं. एवढें संस्कृत मी जन्मभर शिकविलें, आणि कपाटाला मात्र कुलूप घालून बसलों.

नातीला मीं या वेळीं आकृति काढून दिली नाहीं. पट्टा सोडविला, बोटें चिमटणार नाहींत अशी खबरदारी घेतली, आणि चाक तिच्या स्वाधीन केलें. ज्यांच्या घरीं असें जुनें यंत्र असेल, त्यांनीं तें मोडींत घालण्यापूर्वीं एवढें अवश्य करावें. पाव घटकेंत तिनें मला सांगितलें कीं, तें दोन ठिकाणीं अडतें: दांडा अगदीं वर असतांना आणि अगदीं खालीं असतांना. माझ्या फळ्यावरील आकृतींत एकच स्थान होतें.