माळावरच्या वाटा

'पडीक' हा शब्द आपण फार सहज वापरतो. पीक नाही, मोठं झाड नाही, इमारत नाही, म्हणजे जमीन पडीक! सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहिलं की काम संपलं. केंद्र सरकारनेही २००० साली देशातल्या पडीक जमिनींचा मोठा नकाशासंग्रह काढला, त्यात झुडपांचे माळही धरलेले आहेत. आपल्या खुलताबाद-वेरूळ-म्हैसमाळच्या माळाला हा शब्द मला मुळीच मान्य नाही. आणि हा शब्द लावल्यामुळेच त्या माळावरच्या जुन्या पायवाटा आपल्या डोळ्यांदेखत बुजत चालल्या आहेत, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

बाहेरगावच्या मंडळींसाठी आधी थोडा भूगोल. संभाजीनगरहून नगरनाका, मिटमिटा, शरणापूर फाटा करत निघालं की दौलताबादचा किल्ला लागतो. पुढे हाताने कागद करणाऱ्यांचं कागजीपुरा, मग घाट चढून खुलताबाद. जुनी माणसं अजून 'रौजा'च म्हणतात. शहरापासून हे सगळं पंचवीसेक किलोमीटर. खुलताबादहून एक रस्ता घाटाने उतरून वेरूळला जातो, दुसरा म्हैसमाळला चढतो. या रस्त्यांच्या मधे जो उघडा, वाऱ्याचा, गवताचा उंच प्रदेश आहे तोच आपला माळ. गाडीच्या काचेतून तो 'काही नाही' असाच दिसतो. पायी गेलं की दिसायला लागतो.

शाळेत असताना आम्ही दरवर्षी वेरूळची सहल काढायचो. एसटी थेट लेण्यांपाशी. कैलास, मग घृष्णेश्वर, डबे खाल्ले की परत. मुलं खालून वर बघायची आणि विचारायची, "बाई, एवढं उंच कसं चढून कोरलं?" याचं उत्तर वर माळावर उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही. कैलास कोणी खालून चढून कोरलेलाच नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी वरच्या सपाट खडकात चर खणले आणि कळसापासून पायापर्यंत खाली उतरत गेले. म्हणजे पहिली छिन्नी पडली ती या माळावर! आज ज्याला आपण पडीक म्हणतो त्याच दगडात त्या लोकांना देऊळ दिसलं.

तीच गोष्ट पाण्याची. येळगंगा म्हैसमाळच्या डोंगरातून निघते, याच माळावरून वाहत येते आणि २९ नंबरच्या लेण्याशेजारी कड्यावरून खाली कोसळते. 'सीता की नहाणी' म्हणून पावसाळ्यात सगळे तिचे फोटो काढतात. पण ती वरून कुठून येते हे बघायला फारच थोडे जातात. तिच्या काठाने वर गेलं की गणेश लेणी आणि जोगेश्वरीची छोटी लेणी लागतात. ना तिकीट, ना गर्दी.

शूलिभंजनही याच डोंगरात. संत एकनाथांनी तिथे तप केलं अशी श्रद्धा आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर. पैठणचा मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीला आला आणि पुढे या डोंगरात राहिला. रौजाला सूफी संत येऊन राहिले, मलिक अंबरची कबर तिथे आहे, १७०७ मध्ये गेलेल्या औरंगजेबाची साधी उघडी कबरही तिथेच. वेरूळ म्हणजे मालोजीराजे भोसल्यांचं गाव. आपण ही सगळी ठिकाणं वेगवेगळी 'पॉइंट' म्हणून बघतो. पण त्या काळची माणसं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात कशी होती? पायी किंवा घोड्यावर, डोंगर आणि माळ ओलांडत. वाटा काढून टाकल्या तर मागे उरतात ते नुसते ठिपके.

आता माळाच्या गवताबद्दल. हा सगळा बेसाल्टचा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वर मातीचा थर वीतभर, कुठे तेवढाही नाही, खाली मुरूम. अशा बरड जमिनीत मोठी झाडं दाट वाढत नाहीत. ती कुणी तोडली म्हणूनच नाहीत असं नव्हे, तर जमिनीचा स्वभावच गवताचा आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं इथे आपल्या घरी आहेत. त्यांच्या मुळ्यांमुळे पाऊस धावत सुटत नाही, जिरतो. श्रावणात तेरडा फुलतो, कळलावीच्या ज्वाळा दिसतात. चंडोल आणि टिटवीसारखे पक्षी घरटी बांधतात तीही जमिनीवरच, झाडावर नाही. आणि मेंढ्या घेऊन हिंडणारे धनगर? त्यांचा तर सगळा संसार या गवतावर. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. जगाला जे आता सुचतंय ते आपल्या मेंढपाळांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण आपण करतो काय? जेसीबीने चर खणतो आणि ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ लावून मोकळे होतो. फोटो छान येतो. झाडं लावायला माझा विरोध नाही हो! ओढ्याच्या काठाने लावा, रस्त्याच्या कडेला लावा, आमच्या पुंडलिकनगरात तर अवश्य लावा, इथे सावलीला जागा नाही. पण गवताचा माळ खणून तिथे रान उभं करायचं म्हणजे ज्वारीच्या शेतात भात लावण्यासारखं आहे.

दुसरं म्हणजे प्लॉट. डोंगराचा 'व्ह्यू' आता विकला जातो. तारेचं कुंपण पडतं आणि त्यात पिढ्यान् पिढ्यांची पायवाट आडवी कापली जाते. गुराखी दोन दिवस वळसा घालून जातो, तिसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो. वर्षभरात गवत वाढतं. मग कुणी म्हणालं की इथे वाट होती, तर पुरावा काय?

खरं तर पुरावा असू शकतो. आपल्या गावनकाशात वाटा दाखवलेल्या असतात. ग्रामीण गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने. त्यांची रुंदीही ठरलेली आहे. गाडीवाट १६.५ ते २१ फूट आणि पायवाट ८.२५ फूट. सव्वाआठ फूट! दोन माणसं गप्पा मारत जातील आणि समोरून गाय आली तर तिलाही जागा राहील इतकी. शेताला किंवा कुरणाला जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. म्हणजे वाट अडली हे वेळेवर कळायला हवं, आणि ते कळणार कुणाला? जो चालतो त्यालाच. 'वहिवाट' हा शब्द मला त्यासाठीच आवडतो. त्यात 'वाट' आहे.

शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचं राज्य सरकारने २०२५ मध्ये ठरवलं, हे चांगलंच झालं. पण त्यामागे ट्रॅक्टरचा विचार आहे. माणसाच्या पायाचाही विचार व्हावा एवढंच माझं मागणं.

बाहेरच्या जगात हे झालेलं आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात हॉवर्थ नावाचं जुनं गाव आहे, ब्राँटे भगिनींचं. एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' १८४७ मध्ये आली, ती गावामागच्या माळाचीच. तिथे त्याला 'मूर' म्हणतात. थंडी, वारा, खुरटी झुडपं, मेंढ्या आणि पायवाटा. तिथे ना किल्ला, ना कैलास. तरी जगभरातून लोक नुसते चालायला येतात, इतके की वाटेवरच्या पाट्या जपानीतही आहेत. पण हा हक्क त्यांनाही आयता मिळाला नाही. १९३२ मध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून चालत गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. उघड्या माळरानावरून फिरण्याचा हक्क देणारा कायदा व्हायला २००० साल उजाडलं. बघा, त्याच वर्षी आपण माळ 'पडीक' म्हणून मोजत होतो!

कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला शहरात बसून पायवाटेचं कौतुक, गावातल्या बाळंतिणीला पक्का रस्ता लागतो. अगदी बरोबर. रस्ता हवाच, त्याबद्दल वादच नाही. पण रस्ता झाला म्हणून वाट मारायची गरज नाही. दोन्हींचं काम वेगळं. शाळेत जाणारी पोर, गुराखी, सरपण आणणारी बाई हे आजही पायीच जातात. त्यांना डंपरच्या कडेने चालायला लावण्यात कसली प्रगती?

आणि चालायची हौस आपल्यात नाही असंही नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो माणसं भद्रा मारुतीला पायी जातात. तरणी पोरं, बायका, माझ्या वयाची माणसंसुद्धा. एवढे पाय ज्या जिल्ह्यात आहेत तिथे वाटा मराव्यात हे मला पटत नाही.

मग करायचं काय? मला सुचतं ते साधं आहे. खुलताबाद, वेरूळ, शूलिभंजन, म्हैसमाळ परिसरातल्या ग्रामसभांनी गावनकाशा भिंतीवर लावावा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून वाटांची यादी करावी. दगडांवर चुन्याची खूण करावी, सिमेंट ओतू नये. गावातल्या पोरांनी वाटाड्याचं काम करावं, घरोघरी पिठलं-भाकरी मिळावी, चार पैसे गावात राहावेत. शाळांनी वर्षातली एक सहल तरी माळावरून पायी न्यावी. आणि आपण चालणाऱ्यांनीही शिस्त पाळावी. गवतात गाडी घालायची नाही, बाटल्या टाकायच्या नाहीत, गाणी लावायची नाहीत, आणि दसऱ्यानंतर गवत वाळलं की काडीसुद्धा ओढायची नाही. एक वणवा सगळं संपवतो.

जायचं असेल तर श्रावण ते मार्गशीर्ष हा काळ उत्तम. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, ओढ्याला पूर असेल तर कड्याकडे फिरकू नका, आणि वाट विचारताना गुराख्याला 'दादा' म्हणा. तो नकाशापेक्षा बरोबर सांगतो.

माझे गुडघे आता दोन-अडीच किलोमीटरच साथ देतात. तेवढंही पुरतं. वाट जिवंत ठेवायला कुणी फार लांब चालावं लागत नाही, पुष्कळांनी थोडं थोडं चालावं लागतं. तुमच्या गावाकडे अशी एखादी वाट असेल, आजोळची, शाळेची, नदीची, तर ती अजून आहे का एवढं या सुट्टीत बघून या. आणि मला जरूर कळवा.