ट्रे घेऊन आत जाणारा मुलगा

परवा भाच्याने वाढदिवसाच्या निमित्ताने आम्हा सगळ्यांना पुण्यातल्या एका नव्या हॉटेलात नेले. जेवण छान होते, तक्रार नाही. (आमच्या हिने पनीरला नाक मुरडले, पण ते नेहमीचेच.) शेजारी काचेच्या भिंतींची एक खोली होती. आत इतका धूर की बसलेली माणसे नीट दिसत नव्हती. दर पाच मिनिटांनी एक मुलगा ट्रे घेऊन आत जायचा. मी कुरकुरलो तर भाचा म्हणाला, "मामा, जागा मालकाची, मर्जी गिऱ्हाइकाची. ज्याला धूर नको त्याने दुसरीकडे जावं. सरकारने कशाला मध्ये पडायचं?"

वाढदिवस त्याचा, बिलही त्याचेच, म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण हे पान माझे आहे. तेव्हा आता ऐक बाबा.

तुझ्या बोलण्यात मालक आला, गिऱ्हाईक आले, सरकार आले. ट्रे घेऊन जाणारा तो मुलगा कुठे आहे? तू त्या खोलीत तासभर बसशील आणि घरी जाशील. तो रोज दहा तास तिथे असतो. तुझी ती करमणूक, त्याचे ते कामाचे ठिकाण.

योगायोग असा की तो माझाच विद्यार्थी निघाला. बिल ठेवताना वाकून नमस्कार केला. मी त्या खोलीबद्दल विचारले तर हसून म्हणाला, "सर, मी सिगरेट कधी तोंडाला लावली नाही. पण घरी गेलो की मुलगी म्हणते, बाबा, आधी आंघोळ." नको म्हणून सांगत का नाहीस? "नको म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील."

आता आपला कायदा बघा. 2003 च्या कायद्याने आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी हॉटेलात धूम्रपानाला बंदी आहे. पण तीस किंवा जास्त खोल्यांचे हॉटेल, किंवा तीस किंवा जास्त माणसे बसतील असे रेस्टॉरंट असेल, तर वेगळी धूम्रपानाची जागा ठेवता येते. चार पूर्ण भिंती, आपोआप मिटणारे दार, धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा, असे सगळे त्यात लिहिले आहे. 2017 मध्ये दुरुस्ती होऊन त्या जागेत काहीही आणून द्यायला मनाई झाली. म्हणजे धूर वेटरच्या छातीत जातो हे सरकारलाही कळले. त्या हॉटेलात मात्र ट्रे खुशाल आत जात होता. आणि समजा ट्रे थांबला, तरी ती खोली झाडणार कोण? मालक की गिऱ्हाईक?

यंत्रे लावली की झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2006 च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे की वेगळ्या जागा, हवा शुद्ध करणारी यंत्रे, खेळती हवा, यांपैकी कशानेही दुसऱ्याच्या धुरापासून पूर्ण बचाव होत नाही.

कॅनडात ओटावाला हीदर क्रो नावाच्या बाई होत्या. चाळीसेक वर्षे वेट्रेसचे काम केले, स्वतः कधी सिगरेट ओढली नाही. 2002 मध्ये फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. तो कामाच्या जागेतल्या धुरामुळे झाला हे मान्य होऊन त्यांना भरपाई मिळाली. मग आजारपणातही गावोगाव फिरून त्या कामगारांसाठी बोलत राहिल्या आणि 2006 च्या मे महिन्यात गेल्या. त्याच महिन्याच्या 31 तारखेला त्यांच्या ओंटारिओ प्रांतात बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त करणारा कायदा लागू झाला. बाईंना तो दिवस दिसला नाही.

"धंदा बसेल" ही ओरडही जुनीच. आयर्लंडने 29 मार्च 2004 ला पबमध्येसुद्धा बंदी आणली तेव्हा तिथले मालक हेच म्हणत होते. पब आजही चालू आहेत, ओढणारे दाराबाहेर उभे राहून ओढतात. बिघडले काय?

कोणी म्हणेल, मास्तरांना उपदेशाची खोड. तर कबूल करतो. 1985 पर्यंत मी शाळेच्या स्टाफरूममध्ये चारमिनार ओढत असे. आम्ही चौघे-पाच जण होतो. आमचे शिपाईमामा दिवसभर त्याच दाराशी स्टुलावर बसत आणि संध्याकाळी आमची थोटके उचलत. स्वतः विडीलाही शिवले नाहीत. त्यांना सतत खोकला असे आणि आम्ही खडूच्या धुळीवर ढकलून मोकळे व्हायचो. तो कशाचा होता हे आज मला सांगता येणार नाही. पण "मामा, तुम्हाला त्रास होतो का?" हे आम्ही एकदाही विचारले नाही, एवढे नक्की सांगता येते. विचारले असते तरी ते "नाही सर" असेच म्हणाले असते. म्हणून तर कायदा लागतो. ज्याला "हो" म्हणण्याची सोय नाही, त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते.

असो. पुढच्या महिन्यात माझा पंच्याहत्तरावा. सगळ्यांना जेवायला मी नेणार आणि हॉटेलही मीच निवडणार. दारात एकच प्रश्न विचारीन, धुराची खोली आहे का? असली तर सरळ घरी. पिठलं-भात करू.

भाचेबुवा, तुम्ही यायचे आहेच. वाद तिथे पुढे चालू ठेवू.