मृत्यूची बातमी सांगायची कोणी?

बोरघाट उतरला की खोपोलीचा शिळफाटा. रुग्णवाहिकेचा भोंगा इथे कोणाला नवा नाही. 15 एप्रिल 2023 च्या पहाटे गोरेगावच्या झांज पथकाची बस शिंग्रोबा मंदिराजवळ दरीत कोसळली, 13 जण गेले. तीनच महिन्यांत याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. दोरखंड बांधून दरीत उतरणारी माणसं या गावात आहेत. जखमींना वर आणल्यावर कॅज्युअल्टीच्या दारात नातेवाइकांशी बोलायचं कोणी, हे मात्र आपण नशिबावर सोडलं आहे.

बहुतेक ठिकाणी 'सिरियस आहे, पुढे न्या' एवढ्यावर भागवलं जातं. मुलगा गेला, हे बापाला कोणी सांगतच नाही. 'पीएमला वेळ लागेल' यावरून त्याचं त्यानेच ओळखायचं. मग काचा फुटतात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे, पण बोलावं कसं हे कायदा शिकवत नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून संवादाचे धडे आले खरे. रात्रपाळीला त्यांची उजळणी कोण घेणार?

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येऊ शकते. अमेरिकेत 2023 साली रुग्णांच्या 195 प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरं तज्ज्ञांनी तपासली, तेव्हा यंत्राचीच उत्तरं अधिक आपुलकीची ठरली. अर्थात ती लेखी होती. समोर कोणी हंबरडा फोडत नव्हतं. म्हणून बातमी यंत्राने सांगावी, असं आम्ही म्हणणार नाही. पण निवांत वेळी त्याने रुग्णाचा संतापलेला भाऊ व्हावं आणि तरुण डॉक्टरने त्याच्याशी बोलून पाहावं, यात वावगं काय? केसपेपरवरचं इंग्रजी साध्या मराठीत मांडायलाही ते उपयोगी आहे, मात्र रुग्णाचं नाव वगळून आणि डॉक्टरने स्वतः वाचून. पाठ केलेलं सांत्वन लोकांना लगेच कळतं, हेही लक्षात ठेवावं.

कर्जत-खालापूरच्या कातकरीवाड्यांत प्रश्न वेगळाच, तो भाषेचा. केंद्राची 'भाषिणी' ही भाषांतर सेवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांभोवती उभी आहे. कातकरी बोली त्या यादीत नाही. तिथे वाडीची बोली जाणणारी आशाताईच हवी आणि मध्यरात्री बोलावलं तर तिला त्याचं मानधनही हवं.

आरोग्य खात्याने सॉफ्टवेअरची निविदा खुशाल काढावी. त्याआधी महामार्गालगतच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात नातेवाइकांसाठी दार लागणारी एक खोली, चार खुर्च्या आणि रात्रपाळीला एक जादा डॉक्टर द्यावा.